घरात तीन ॲक्सेस पॉइंट असूनही माडीवर वायफाय संथ : दोष कसा शोधावा?

प्रश्न : चिरेबंदी

नमस्कार. रत्नागिरी तालुक्यातील आमचे घर जुने, चिऱ्याचे आहे. भिंती सुमारे दीड फूट जाड आहेत. पुढची पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी असा घराचा लांबट आकार आहे आणि माजघरावर पुढे स्लॅब घालून दोन खोल्यांची माडी बांधलेली आहे. फायबरची जोडणी २०० एमबीपीएसची असून मोडेम ओटीवर दाराशेजारी बसवलेला आहे. मी आठवड्यातले चार दिवस माडीवर बसून पुण्यातील कार्यालयाचे काम करतो. आईची दर महिन्याची डॉक्टरांची भेटही आता माजघरातून व्हिडिओवर होते, त्यामुळे या दोन्ही ठिकाणी नेट नीट चालणे आमच्यासाठी अत्यावश्यक झाले आहे.

सुरुवातीला मोडेमचा सिग्नल माजघरात पोहोचत नव्हता, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिथे एक राउटर लावून घेतला. त्याला मोडेमपासून केबल आलेली आहे आणि ती पडवीच्या वाशांवरून, पागोळ्यांच्या आतल्या बाजूने फिरवलेली आहे. गेल्या दिवाळीत माडीसाठी तिसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल पसरवणारे उपकरण, घेतला (मोडेम आणि राउटर हे पहिले दोन). त्याला केबल जोडलेली नाही. तो माजघरातील राउटरचा सिग्नल हवेतूनच घेतो आणि पुढे देतो. तिन्हींना नाव आणि पासवर्ड एकच ठेवला आहे.

फोनवर मोजलेला वेग ओटीवर १८० ते १९०, माजघरात ३५ ते ४० आणि माडीवर ८ ते १२ एमबीपीएस येतो. संध्याकाळी सातनंतर माडीवर तो ३ ते ४ पर्यंत खाली जातो. माडीवर फोनच्या कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, आणि मला सर्वांत अधिक कोड्यात टाकणारी गोष्ट हीच आहे. शिवाय तिसरा ॲक्सेस पॉइंट आल्यापासून माजघरातला वेगही पूर्वीपेक्षा उतरला आहे, आणि कॉल चालू असताना माजघरातून ओटीवर आलो की कॉल अनेकदा तुटतो.

जोडणी करून देणाऱ्या गृहस्थांनी जिन्यात चौथा ॲक्सेस पॉइंट लावण्याचा सल्ला दिला आहे. तो खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

प्रतिसाद : पोटमाळा

चौथा ॲक्सेस पॉइंट कृपया घेऊ नका. आपण दिलेल्या वर्णनावरून तो बसवल्यास वेग आणखी उतरण्याचीच शक्यता मला अधिक दिसते.

फोनवरच्या रेघा फक्त फोन आणि त्याच्या जवळचा ॲक्सेस पॉइंट यांच्यामधला सिग्नल किती जोरकस आहे ते दाखवतात. त्या ॲक्सेस पॉइंटला मागून किती नेट मिळते आहे, हे त्या रेघांना कळत नाही. विहिरीवरच्या पंपापासून माडीवरच्या नळापर्यंत आणलेला पाइप मध्येच चेपलेला असेल, तर नळ कितीही मोठा बसवला तरी पाणी बारीकच येणार. आपल्या माडीवर तसेच काहीसे घडत असावे.

हवेतून सिग्नल घेणारा ॲक्सेस पॉइंट एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, आणि ही दोन्ही कामे त्याला एका वेळी करता येत नाहीत. माजघरातून आलेले प्रत्येक पुडके (पॅकेट, म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा) तो आधी पूर्ण ऐकतो आणि मग त्याच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या त्याच वाटेवर, पुन्हा फोनकडे पाठवतो. म्हणजे तोच मजकूर हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांना गप्प बसून आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. माडीवरचा ॲक्सेस पॉइंट स्लॅबमधून येणाऱ्या क्षीण सिग्नलवर सावकाश बोलत राहतो तेवढा वेळ माजघरातला फोनही ताटकळतो. माजघरातला वेग दिवाळीनंतर का उतरला, याचे कारण बहुधा हेच आहे.

मात्र हा सगळा अंदाज झाला. प्रत्यक्ष दोष कुठे आहे ते मोजल्याशिवाय कोणीही सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. मोजणी करताना आधी तार तपासावी आणि हवेकडे नंतर वळावे. लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडून वेग मोजा. मग माजघरातील राउटरची केबल काढून तीच लॅपटॉपला लावा आणि पुन्हा मोजा. त्याच वेळी लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन्ही टोकांच्या उपकरणांनी आपापसात ठरवलेला वेग, किती दिसतो तोही लिहून ठेवा. त्यानंतर अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे कोणतेही ॲप घेऊन प्रत्येक खोलीत फोन नक्की कोणत्या ॲक्सेस पॉइंटला, कोणत्या बँडवर (२.४ की ५ गिगाहर्ट्झ) आणि कोणत्या चॅनेलवर जोडलेला आहे आणि सिग्नल किती डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) आहे, ते पाहा. हा आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल ठीक चालतो, आणि उणे ७५ च्या पलीकडे अडचणी सुरू होतात. हे मोजमाप सरळ रेषेत वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा : ३ डीबी कमी म्हणजे शक्ती निम्मी आणि १० डीबी कमी म्हणजे दहावा हिस्सा.

प्रश्नकर्ता : चिरेबंदी

आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री आणि आज सकाळी मोजणी केली. मोडेमला केबलने १९५ एमबीपीएस मिळाले. माजघरातील केबलच्या टोकाला मात्र ९४ मिळाले. तीन वेळा मोजले तरी ९४ च, आणि लिंक स्पीड १०० दिसला. राउटरचे आणि लॅपटॉपचे पोर्ट दोन्ही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत, हे मी खोक्यावर वाचून खात्री करून घेतली.

माजघरात बसलेला असताना फोन बहुतेक वेळा ओटीवरच्या मोडेमलाच जोडलेला असतो. त्या मोडेमचा सिग्नल तिथे उणे ६८ आहे, तर चार हातांवरच्या राउटरचा उणे ४२. माडीवर फोन वरच्या ॲक्सेस पॉइंटला २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला आहे. तिन्ही उपकरणे ६ क्रमांकाच्या चॅनेलवर आहेत. आणखी एक गोष्ट आढळली : फोन मोडेमला जोडलेला असला की त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि माजघरातल्या राउटरला किंवा माडीवर जोडलेला असला की १९२.१६८.० ने.

प्रतिसाद : आठ तारा

गेली पंधरा वर्षे केबलिंगच्या कामात आहे, म्हणून त्या ९४ बद्दल लिहितो, कारण हा आकडा दिसला की निदान जवळजवळ झालेलेच असते.

नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्यांच्या पिळलेल्या चार जोड्या असतात. १९९५ सालच्या १०० एमबीपीएसच्या मानकाला त्यांतल्या दोनच जोड्या लागतात, आणि त्या १, २, ३ आणि ६ या पिनांवर येतात. १९९९ सालच्या गिगाबिट मानकाला चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटलेली, गंजलेली किंवा प्लगमध्ये नीट न बसलेली असेल, तर दोन्ही टोकांची उपकरणे आपापसात १०० वर तडजोड करतात. त्या १०० मधून पुडक्यांवरचे पत्ते आणि दोन पुडक्यांमधली मोकळी जागा वजा गेली की हातात ९४ च्या आसपास उरतात. तारेवर गेलेल्या दर १५३८ बाइटांमध्ये प्रत्यक्ष मजकूर सुमारे १४५० बाइटांचा असतो, हा त्याचा हिशेब. वाईट भाग असा की कोणताही दिवा लाल होत नाही आणि नेट चालूच राहते, त्यामुळे असा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

आपल्या घराबाहेर कॅमेरा आहे का? असल्यास त्याची वायर कुठून येते ते आजच पाहा. स्वस्तात काम उरकताना पुष्कळ ठिकाणी निळी आणि तपकिरी या दोन जोड्या, म्हणजे ४, ५, ७ आणि ८ या पिनांच्या तारा, नेटकडून काढून कॅमेऱ्याला १२ व्होल्ट देण्यासाठी वापरतात. तसे असेल तर आठही तारा प्लगमध्ये बसवण्यापूर्वी कॅमेऱ्याचा ॲडाप्टर आधी काढा. तो चालू राहिला तर ते व्होल्ट थेट मोडेमच्या पोर्टमध्ये शिरतील आणि पोर्ट जळेल. ही चूक मी दुसऱ्यांच्या कामात दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा मोडेम बदलावा लागला.

केबलचा प्रकारही तपासा. तिच्या बाहेरील वेष्टनावर सीसीए अशी अक्षरे असतील, तर आतली तार ॲल्युमिनियमची असून तिला फक्त तांब्याचा मुलामा आहे. असली तार वाकवल्यावर लवकर तुटते, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तिची टोके पांढरी पडलेली मी अनेकदा पाहिली आहेत. पागोळ्यांखालून जाणाऱ्या केबलला शुद्ध तांब्याची तार आणि ऊनपाऊस सोसणारे काळे वेष्टन हवे.

प्रश्नकर्ता : चिरेबंदी

आपला अंदाज अक्षरशः खरा ठरला. पुढच्या पडवीत एक कॅमेरा आहे. माजघरातला प्लग कापून वेष्टन सोलले तेव्हा नारिंगी आणि हिरवी जोडी प्लगमध्ये गेलेली दिसली, आणि निळी व तपकिरी जोडी मागे वळवून काळ्या टेपने गुंडाळलेली होती. ती टेप सोडत गेलो तेव्हा त्याच चार तारा पुढे कॅमेऱ्याच्या ॲडाप्टरकडे जात असल्याचे आढळले. ॲडाप्टर काढून ठेवला आहे. केबल तांब्याची आहे आणि तारा चकचकीत आहेत, हे समाधान.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. माडीचे वायरिंग झाले तेव्हा इलेक्ट्रिशियनने माजघरापासून माडीपर्यंत पाइपातून एक नेटवर्क केबल ओढून ठेवली होती. तिला टोके लावलेली नाहीत आणि ती तशीच बोर्डात पडून आहे.

प्रतिसाद : उंबरठा

माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या नाशिकच्या दुमजली घरात जुनी तीन उपकरणे काढून तीन रेडिओ असलेला मेश संच (हवेतून एकमेकांशी जोडलेल्या ॲक्सेस पॉइंटांचा संच) आणला आणि त्यानंतर काहीही करावे लागले नाही. अशा संचात मागच्या जोडणीसाठी वेगळा रेडिओ राखून ठेवलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेला निम्म्याचा नियम त्याला तितकासा लागू होत नाही. वेगवेगळ्या काळातली तीन उपकरणे एकमेकांशी जुळवत बसण्यापेक्षा एकदाच खर्च करणे अनेकांना सोयीचे वाटेल.

प्रतिसाद : पोटमाळा

उंबरठा यांचे म्हणणे विटांच्या पातळ भिंतींच्या घराला लागू पडते, आणि जिथे केबल नेताच येत नाही तिथे मीही तोच सल्ला देईन. पण तो राखीव रेडिओ बहुधा ५ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि दीड फूट चिऱ्याच्या भिंतीपुढे व सळ्यांनी भरलेल्या स्लॅबपुढे ५ गिगाहर्ट्झ २.४ पेक्षा आधी दमतो. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा अधिक सिग्नल खाते. मे महिन्यात छान चाललेला संच जुलैत रडू लागला तर आश्चर्य वाटू नये. पाइपातून केबल आधीच ओढलेली असताना हवेवर विसंबण्याचे काहीच कारण नाही.

आता चिरेबंदी यांच्यासाठी. दोन्ही केबलींना आठही तारा घालून प्लग लावा. क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा ठेवा आणि दोन्ही टोकांना तोच ठेवा. जोड्यांचा पीळ प्लगच्या तोंडापर्यंत राहू द्या. सोयीसाठी तो दोन-तीन इंच उकलणे टाळा.

त्यानंतर माजघरातल्या राउटरकडे वळा. १९२.१६८.० हा वेगळा पत्ता दिसतो, याचा अर्थ तो राउटर म्हणूनच काम करत आहे आणि स्वतःचे वेगळे नेटवर्क चालवत आहे. आपला कॉल तुटतो तो यामुळेच : माजघरातून ओटीवर येताच फोनला नवा आयपी पत्ता घ्यावा लागतो आणि चालू असलेला कॉल जुन्या पत्त्यावर राहून जातो. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा, त्यातील डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करा आणि मोडेमकडून आलेली केबल वॅन, म्हणजे बाहेरचे नेट घेणाऱ्या पोर्टऐवजी लॅन, म्हणजे घरातल्या उपकरणांच्या पोर्टमध्ये लावा. पत्ते वाटण्याचे काम घरात एकट्या मोडेमकडे राहिले पाहिजे. माडीवरच्या ॲक्सेस पॉइंटचा रिपीटर मोडही (हवेतून सिग्नल घेऊन पुढे देण्याची रीत) केबल जोडण्याच्या आधी बंद करा. केबल आणि हवा अशा दोन्ही वाटा एकाच वेळी उघड्या राहिल्या, तर काही उपकरणांमध्ये पुडकी गोल गोल फिरू लागतात आणि सगळ्या घराचे नेट ठप्प होते.

चॅनेल आपणच हाताने ठरवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न अडवणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच आहेत, तेव्हा ओटी १, माजघर ६ आणि माडी ११ असे वाटून द्या आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ओटीला ३६, माजघराला १४९ आणि माडीला ४४ द्या, रुंदी ४०. तिथे ८० चा मोह होतो, पण दोन अँटेनांच्या वायफाय ५ फोनला ४० रुंदीवरही ४०० एमबीपीएसची जोडणी मिळते आणि आपली लाइन २०० ची आहे. भारतात २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचे मधले चॅनेलही परवान्याशिवाय वापरता येतात. पण त्यांतल्या बऱ्याच चॅनेलांवर रडारची चाहूल लागताच उपकरणाला जागा सोडावी लागते. घरात तीनच ॲक्सेस पॉइंट असताना तिकडे जाण्याची गरज नाही.

राहिला ओटीच्या मोडेमला चिकटून बसणारा फोन. कोणता ॲक्सेस पॉइंट धरायचा आणि केव्हा सोडायचा हे फोन स्वतः ठरवतो. ॲक्सेस पॉइंट फार तर सुचवू शकतो. आयफोनपुरते सांगायचे तर सिग्नल उणे ७० पर्यंत उतरल्याशिवाय तो दुसरा पर्याय शोधायलाच लागत नाही, असे ॲपलने स्वतः प्रसिद्ध केलेले आहे. इतर फोनांचे उंबरठे थोडेफार वेगळे असतात, पण रीत हीच. आपल्या माजघरात मोडेम उणे ६८ वर दिसतो, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे, म्हणून फोन तिथेच अडकतो. मोडेमचा २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समिट पॉवर मध्यम किंवा कमी करा. सिग्नल कमी करण्याचा सल्ला पटायला जड जातो हे मला ठाऊक आहे, पण मोडेमने ओटी आणि पुढची पडवी सांभाळावी, माजघर माजघराच्या राउटरने सांभाळावे, हाच आपला हेतू आहे.

प्रतिसाद : आठ तारा

एक जोड. प्लग लावल्यावर केबल टेस्टरने तपासल्याशिवाय काम झाले असे समजू नका. चारपाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि आठ दिवे एकामागून एक लागतात. कॅमेऱ्यासाठी दोन तारांची वेगळी वायर टाका. नेटच्या केबलला पुन्हा हात लावू देऊ नका. पुढेमागे गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत नेट न्यायचे ठरले, तर तांब्याची केबल उघड्यावरून ताणू नका, फायबर टाका. कोकणात मृगाच्या आधीच्या विजा दूर कुठे पडल्या तरी अशा लांब तारेत झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात.

प्रश्नकर्ता : चिरेबंदी

तीन रविवार गेले, पण काम पूर्ण झाले. आपणा सर्वांचे मनापासून आभार. केलेले सगळे इथे नोंदवून ठेवतो.

माजघराच्या केबलला आठही तारा घालून प्लग लावल्यावर लिंक स्पीड लगेच १००० झाला. माडीच्या केबलने मात्र दमवले. प्लग लावला, नेट सुरू झाले आणि वेग पुन्हा तोच ९४. टेस्टर लावला तेव्हा सहापर्यंतचे दिवे लागले, सातवा लागलाच नाही आणि आठवा लागला. प्लग उजेडात धरून पाहिला, तर पांढरी-तपकिरी तार शेवटापर्यंत न जाता साधारण तांदळाच्या दाण्याएवढी मागे राहिलेली होती. टेस्टर नसता तर मी केबललाच दोष दिला असता. पुन्हा कापून लावल्यावर आठही दिवे क्रमाने लागले.

माजघरातल्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून डीएचसीपी बंद करून केबल लॅन पोर्टमध्ये घेतली. चॅनेल आपण सांगितले तसेच ठेवले. मोडेमचा पॉवर आधी कमी केला तेव्हा पुढच्या पडवीच्या टोकाला सिग्नल उणे ७९ झाला, म्हणून मध्यमवर आणला. आता माजघरात मोडेम उणे ७४ च्या आसपास दिसतो आणि उंबरा ओलांडल्यावर काही क्षणांत फोन माजघराच्या राउटरवर जातो. कॉल चालू ठेवून ओटी ते माडी अशा चार फेऱ्या मारल्या. एकदा आवाज क्षणभर अडखळला, कॉल एकदाही तुटला नाही.

आजचे आकडे : माजघरात १८०, माडीवरच्या कामाच्या खोलीत १७० ते १८५, शेजारच्या खोलीत ११०. संध्याकाळी सातनंतर माडीवर मोजले तेव्हा १६५ मिळाले. मागच्या पडवीत फक्त २.४ गिगाहर्ट्झ पोहोचते आणि २० ते २५ मिळतात. तिथे आम्ही बसून काही पाहत नाही, त्यामुळे ते तसेच ठेवले आहे. परवा आईची डॉक्टरांशी वीस मिनिटांची भेट झाली आणि त्यांनी दाखवायला सांगितलेली पायाची सूज त्यांना कॅमेऱ्यात नीट दिसली.

चिरा ओल धरल्यावर काय होते ते पाहण्यासाठी प्रत्येक खोलीतले आजचे डीबीएमचे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. जुलैच्या मध्यावर त्याच जागी उभा राहून पुन्हा मोजीन आणि दोन्ही आकडे इथे देईन.